पांढऱ्या प्लेटची गाडी

आमच्या कंपनीत पाच गाड्या होत्या. चार खऱ्या आणि एक खोटी. खऱ्या चारांना पिवळ्या नंबरप्लेट, म्हणजे भाड्याची गाडी हे लांबूनच कळावं अशी सरकारी सोय. पाचवी पांढऱ्या प्लेटची. कागदोपत्री ती शेठच्या बायकोची खाजगी गाडी होती, आणि प्रत्यक्षात दोन-दोन दिवस कुणाचीही असायची. मी रत्नागिरीत त्या कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागलो आणि वर्षाच्या आत शेठनं मला कायमचा त्या पाचव्या गाडीवर टाकला. कारण, त्याच्या मते, माझा चेहरा नोकराचा होता. हे त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं, आणि वर हे कौतुक आहे असंही सांगितलं.

शेठ मूळचा आंब्याच्या धंद्यातला. पेटीत वरचा थर कसा लावायचा आणि खाली काय दडपायचं हे त्याला बापाकडून आलेलं. "गिऱ्हाईक वरचा थर बघतं," असं तो गाड्या पुसताना उठता-बसता म्हणायचा. गाड्या सगळ्या परदेशी, लांबलचक, आमच्या रस्त्यांवर खालून घासणाऱ्या. लग्नसराईत नवरा-नवरी, एरवी जयगडच्या बंदरावर कामाला येणारे बडे साहेब, नाहीतर मालगुंडच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. ती जोडपी गाडीला रेलून उभी राहायची आणि फोटोत येऊ नये म्हणून मी सुरूच्या बनात जाऊन थांबायचो. एकदा एका नवरीनं फोटोवाल्याला सांगितलं, "त्या काकांची सावली येतेय." तेव्हा मी सावलीही उचलून आणखी मागे गेलो.

नियम पुष्कळ होते. शर्ट पांढरा, तोही इस्त्रीचा. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. गाडीत मासळी न्यायची नाही, आणि हे रत्नागिरीत. शेठचा फोन आला की तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा, मग तू घाटात असशील नाहीतर सरणावर. आणि गाडीत कुणाचं काही राहिलं तर ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवायचं. त्या कपाटात गॉगल होते, चार्जर होते, बारशाची चांदीची वाटी होती, एका नवरीची एकच चप्पल होती. काही दिवस वाट बघायची, कुणी आलं नाही की शेठ त्यातलं लागेल ते वापरायला काढायचा. चप्पल तेवढी राहिली.

पांढऱ्या प्लेटची गाडी मागणारी माणसं वेगळीच असत. त्यांना फिरायचं नसे, मिरवायचं असे. गावात, सासरी, भावकीत ती गाडी आपली म्हणून दाखवायची. गाडीबरोबर ड्रायव्हर मिळायचा तोही घरचा नोकर म्हणून. मी त्या कामात पटाईत झालो होतो. साहेबांनी यंदाच घेतली, रंग वहिनींच्या आवडीचा, असल्या थापा मी श्वास घेतल्यासारख्या मारायचो. मला त्यात मजाही यायची, ती चांगल्या मनाची मजा नव्हे. एका लग्नात गाडी नवऱ्याच्या बापानं घेतलेली, मी त्याच्याच मेव्हण्याला सांगून टाकलं की साहेबांकडे अशी आणखी एक आहे, ती मुंबईला उभीच असते. मेव्हण्यानं ती लगेच मागितली, पुढच्या महिन्यात बायकोच्या डोहाळजेवणाला. यजमानाला भर मांडवात घाम फुटला, आणि मी लांब उभा राहून जिलबी खात ते बघितलं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते वासे मी आतून बघितलेले होते.

माझीही एक गाडी होती. स्वतःची. जुनी जीप, वडापची, म्हणजे सीट भरून माणसं न्यायची, जयगड ते रत्नागिरी. टपावर माणसं आणि बोनेटवर गणपतीचं चित्र. धंदा बसला आणि ती विकावी लागली, एवढंच. पण ज्याची स्वतःची गाडी गेलेली आहे त्याला दुसऱ्याच्या भाड्याच्या थाटाचा किती राग येतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मी तो राग पांढऱ्या शर्टाखाली घालून फिरायचो.

गणपतीत तो आला. मुंबईहून रेल्वेनं उतरून, खांद्याला एक बॅग आणि हातात एक, रिक्षानं थेट आमच्या ऑफिसात. पन्नाशीला टेकलेला, अंगात नवा कोरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. फॉर्मवर नोकरीच्या जागी त्यानं आधी काहीतरी लिहिलं, खोडलं आणि सुपरवायझर लिहिलं. शिक्यूरिटीचा सुपरवायझर, हे मागाहून कळलं. दोन दिवसांसाठी गाडी हवी होती. संगमेश्वर तालुक्यात आत कुठंतरी गाव होतं, तिथं म्हातारी आई. "प्लेट पांढरी आहे ना?" हे त्यानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा शेठ त्याला हाताला धरून गाडीच्या मागं घेऊन गेला आणि प्लेटवर बोट ठेवून म्हणाला, "बघा, दुधासारखी."

तो पुढं माझ्या शेजारी बसला. गिऱ्हाइकं मागं बसतात. हातखंबा ओलांडल्यावर म्हणाला, "एक सांगायचं होतं. गावात मी तुम्हाला अरे-तुरे करीन. मला साहेब म्हणा. वाईट वाटून घेऊ नका, तिथं तसं दाखवावं लागतं." असं आधी माफी मागून ठेवणारा मला पहिलाच भेटला. मीही जरा सैल झालो. त्यानं विचारलं, म्हणून मी माझ्या जीपची गोष्ट सांगितली, कशी घेतली, कशी गेली. तो मान हलवत ऐकत होता. वाटेत आम्ही एका टपरीवर चहा घेतला, त्याचे पैसे त्यानं दिले, आणि पुढं गावाचा फाटा आल्यावर तो उतरून मागच्या सीटवर जाऊन बसला. दार मी उघडलं. तिथून तो साहेब झाला.

डांबर संपून लाल मातीचा रस्ता लागला तशी पोरं गाडीमागं पळायला लागली. वाडीत पोचेपर्यंत निम्मं गाव गोळा झालं होतं. घर चिरेबंदी, छोटंच, पुढं पडवी, बाजूला विहिरीशी एक उंच माड. पडवीत त्याची आई उभी होती. पंच्याहत्तरीच्या पुढची, वाकलेली, कानानं थोडी कमी. तिनं गाडीला हात लावला नाही. आधी पदरानं हात पुसले, मग लावला. "तुजी?" तिनं मुलाला विचारलं. तो मोठ्यानं म्हणाला, "माझी, आई. आपली." ती माझ्याकडं वळून हसली, जणू मीच ती आणून दिली होती.

नवी गाडी गावात आली म्हणजे आधी देवाच्या पायाशी. सगळे देवळापुढच्या सहाणेवर, पालखी टेकायच्या चौथऱ्यापाशी जमले. ह्या साहेबाला ते नको होतं, मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. तो म्हणाला, उद्या करू, म्हणाला, प्रवासानं दमलोय. पण गावापुढं कुणाचं चालतं. म्हाताऱ्या मानकऱ्यानं हातात नारळ घेतला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुज्या ह्या लेकरानं सोताच्या घामानं गाडी घेतलंन, ती आज तुज्या पायाशी आणलंन. वाटंवर तिची राखण कर. कुणाची वाकडी नजर आसंल तर ती माघारी धाड, म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडलो, सगळ्यांत मोठ्यानं, कारण मला गंमत वाटत होती. साहेबाचे ओठ हलले नाहीत. माणसांशी खोटं बोलणं वेगळं आणि गाऱ्हाण्यात बोलणं वेगळं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

दुपारी पंगत बसली. गाववाले पडवीत, मी खाली पायरीशी, पान वेगळं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, तसा रिवाज असतो. त्याचा कुणी चुलतभाऊ म्हणाला, "डायवर पगारी ठेवलास काय रे कायमचा?" साहेबाच्या तोंडात घास होता. तो गिळून त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्याला पटकन काही सुचेना, म्हणून जे हाताशी होतं ते उचललं. "ठेवला झालं," तो म्हणाला. "स्वतःची जीप होती त्याची. चालवता आली नाही. बुडवलंन सगळं. दया आली मला, म्हटलं ये बाबा." सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "उपकार इसरू नको हा साहेबाचं." मी म्हणालो, "नाही विसरणार." मोदक हातात होता तो मी खाली ठेवला. सांगितलेली खरी गोष्ट दुसऱ्याच्या खोट्यात अशी घालतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी त्याला मनातल्या मनात आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन. सकाळी साहेब आंघोळीला गेला होता. त्याची आई पडवीत तयार होऊन बसली होती, जांभळं लुगडं, कपाळाला कुंकू नाही, मांडीवर कापडी पिशवी. तिनं मला चहा दिला आणि पायरीवरून उठवून वर शेजारी बसवलं. "काल मोदक टाकलास," ती म्हणाली. "गोड आवडत न्हाय?" मी म्हणालो, आवडतं. तिनं पानात बांधलेले दोन मोदक माझ्या हातात दिले आणि मी ते खाईपर्यंत बोलत राहिली. तेव्हा मला कळलं की ही गाडी कशासाठी आणलेली आहे.

तिचं माहेर तिथून नऊ-दहा किलोमीटरवर होतं. नवरा गेला त्या साली घरात पेरायला भात नव्हतं, म्हणून ती पोराला हाताशी धरून थोरल्या भावाकडं चालत गेली. भाऊ दारात उभा राहिला. म्हणाला, "चालत आलीस तशी चालत जा. गाडीघोड्यातनं येशील तवा पाट मांडू." ती परत आली ती घरात न शिरता आधी देवळात गेली आणि देवापुढं बोलली, पोराच्या मालकीच्या गाडीतनंच त्या उंबऱ्यावर चढेन, नाहीतर चढणार नाही. त्याला बेचाळीस वर्षं झाली होती. घरी येऊन तिनं विहिरीशी एक माड लावला. तो धरायला लागल्यापासून दर गौरीला त्याचा एक नारळ माहेरच्या देव्हाऱ्यासाठी बाजूला ठेवायची आणि पुढल्या गौरीला बदलायची.

"आता दादा खाटल्यावर हाय," ती म्हणाली. "दोन वर्सं निरोप धाडतोय, येऊन जा, येऊन जा. गाववाले म्हणाले, गाऱ्हाणं घालून शबुद सोडवून घेऊ. मी म्हटलं, शबुद माजा, तुमी कोण सोडवणार? माजा पोर घेल गाडी. आणि घेतलंन बग." तिनं पिशवी उघडून नारळ दाखवला. सोललेला, शेंडी ठेवलेली, पुसून पुसून तुळतुळीत केलेला. मग म्हणाली, "तितं गेलास की तूबी घरात ये हा. भायेर बसू नको."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे की मला नीट कळलं नव्हतं.

निघालो. नारळाची पिशवी तिनं मांडीवर ठेवली होती, ती साहेबानं काढून डिकीत ठेवली, तिला ऐसपैस बसता यावं म्हणून. मायलेक मागं बसले. गाडीत आरत्या लावल्या. तिला ऐकू येईना, म्हणून त्यानं मला आवाज वाढवायला सांगितला, आणखी, आणखी थोडा. आमच्या त्या गाडीचे स्पीकर असे होते की शेठ गिऱ्हाइकाला आधी तेच ऐकवायचा. म्हातारी मान डोलवत होती. ती बाहेर बघत असताना तो पुढं वाकला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "काल बोललो ते मनावर घेऊ नका. सुचलं नाही मला. आता दोनच तास. तेवढं सांभाळा." आरशात त्याचे डोळे दिसले. मी म्हणालो, "हो साहेब." आणि त्याला बरं वाटलं, हे मला दिसलं. मला नाही वाटलं. चार माणसांत माझी अब्रू काढायची आणि माफी मात्र कानात मागायची, हा कुठला न्याय, असं मी घाटी उतरेपर्यंत घोकत होतो.

माहेरचं अंगण मोठं होतं. गाडी येणार हे त्यांना कळवलेलं होतं, त्यामुळं सगळं घर बाहेर येऊन उभं होतं. भावाला खुर्चीत बसवून दारात आणलं होतं. हाडं नि कातडी उरलेला माणूस, अंगावर शाल. भाचेसून भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. मी आरती बंद केली, इंजिन चालूच ठेवलं, एसीसाठी. उतरून दोन्ही बाजूंची मागची दारं उघडली आणि परत येऊन माझ्या सीटवर बसलो. म्हातारीनं एक पाय बाहेर काढला. खुर्चीतला म्हातारा तोंड वेडंवाकडं करून रडायला लागला होता.

तेव्हा फोन आला. माझा फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळं रिंग स्पीकरमधून वाजली, आणि समोरच्या पडद्यावर शेठचं नाव उमटलं. एक रिंग. स्टिअरिंगवर दोन बटणं असतात, एक हिरवं, एक लाल. लाल दाबलं असतं तर शेठ दहा मिनिटं ओरडला असता, त्यापलीकडं काही झालं नसतं. दुसरी रिंग. मी आरशात साहेबाकडं बघितलं. तो हसत होता, त्या अंगणाकडं बघून, आणि मला ते हसू बघवलं नाही. मी हिरवं दाबलं. तीन रिंगचा नियम होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"अरे, आहेस कुठं?" शेठचा आवाज अंगणभर घुमला. "त्या गिऱ्हाइकाचे दोन दिवस उद्या दहाला संपतात हा, लक्षात आहे ना? वेळेत आण गाडी, पुढचं भाडं लागलंय. आणि त्या म्हातारीला सीटवर पान खाऊ देऊ नको. मागच्या भाड्याला डाग पडला, तो निघता निघत नाही."

मी "हो शेठ" म्हणालो आणि फोन ठेवला. भाचेसुनेच्या हातातल्या तांब्यातून पाणी सांडत होतं. कमी ऐकणाऱ्या बाईलाही शब्दन् शब्द कळला होता, आवाज तिच्यासाठीच वाढवलेला होता ना. साहेब घाईघाईनं म्हणाला, "आई, तो सर्व्हिसिंगवाला. चुकून दुसऱ्याच कुणाला..." तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. बाहेर काढलेला पाय तिनं आत घेतला आणि माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"तू सांग, बाबा," ती म्हणाली. "तू परका हायस, तुला कशाला खोटं बोलायला लागतंय. गाडी कुणाची?"

साहेबाची आणि माझी नजर आरशात मिळाली. अख्खा जन्म थापा मारण्यात गेलेला मी. साहेबांचीच गाडी काकी, फोन चुकीचा होता, हे म्हणायला मला झोपेतही जड गेलं नसतं. पण त्या दिवशी मी नेमका हरिश्चंद्र झालो.

"भाड्याची आहे, काकी," मी म्हणालो. "साहेबांची नाही. मीपण साहेबांचा नाही."

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. ते दोन मिनिटं टिकलं असेल.

तिनं माझ्या सीटवरचा हात काढला. मग मुलाला म्हणाली, "काल म्हाराजापुढं नारळ ठेवलास. तवा काय बोलला नाय तू, मी बगत व्हते. मला वाटलं, आनंदानं तोंड बंद झालंय." तो तिचा हात धरायला गेला, तो तिनं सोडवून घेतला आणि गाडीतून उतरली. दाराच्या दिशेनं नव्हे. उलट, अंगणाच्या बेड्याकडं, फाटकाकडं. खुर्चीतला म्हातारा ओरडला, "गो, ये गो! गाडी मरूंदे! मीच बोललो व्हतो, मी चुकलो, तू ये!" ती बेड्याशी थांबली. तिथून म्हणाली, "दादा, तुज्यावर राग नाय माजा. पण देवाला एकदा खोटं सांगून झालंय. आता दुसऱ्यांदा नको." आणि चालायला लागली. चालत आली नव्हती, पण चालतच गेली.

मुलगा तिच्या मागं धावला. मी गाडी वळवली आणि त्यांच्या मागं मागं चालवत राहिलो, पहिल्या गिअरमध्ये. पाऊस पडत होता, बेताचाच. छत्री गाडीत होती. मी काच खाली करून दोनदा म्हणालो, "काकी, बसा." दोनदाच. तिनं मागं वळून बघितलं नाही, रागानंसुद्धा नाही. ती जांभळं लुगडं चिखलातून वर धरून चालत होती आणि तो पन्नाशीचा माणूस नवा शर्ट भिजवत तिच्याशी काहीतरी बोलत होता, हात जोडत होता. फाट्यावर एसटीची शेड होती, तिथं ती बसली. तासाभरानं लाल गाडी आली. त्यांना घेऊन ती निघाली आणि तिच्या मागून मी, रिकामी गाडी घेऊन, त्यांच्या गावापर्यंत गेलो.

वाडीच्या खालीच तो एसटीतून उतरून माझ्याकडं आला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी काच खाली केली. "दोनच तास होते हो," तो म्हणाला. तेवढंच. "हो" म्हणाला, अरे-तुरे केलं नाही. मग वळला आणि आईला हात देऊन चढणीला लागला.

मी त्याच दिवशी रत्नागिरीत परतलो. शेठ खूष झाला. एक दिवस आधी गाडी आली, सीटवर डाग नाही, आणखी काय हवं. संध्याकाळी गाडी धुताना डिकी उघडली तेव्हा ती कापडी पिशवी दिसली. मला गाव माहीत होतं, घर माहीत होतं, पुढच्या आठवड्यात एक सुट्टीही होती. मी पिशवी नेऊन लोखंडी कपाटात ठेवली, त्या चपलेच्या शेजारी. देऊन येऊ, देऊन येऊ असं म्हणत राहिलो. तिच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती, हे त्याचं खरं कारण. बाकीची कारणं मी त्या दिवसांत पुष्कळ काढली.

दसऱ्याला गाड्यांची पूजा होती. पाचही गाड्या धुऊन ओळीनं लावल्या, झेंडूच्या माळा घातल्या. चार नारळ फोडून झाले आणि पाचव्या गाडीपाशी शेठच्या लक्षात आलं की नारळ चारच आणलेत. मला म्हणाला, "कपाटात एक पडलाय बघ, महिना झाला, कोण येतंय न्यायला." मी कपाट उघडलं, पिशवी उघडली, नारळ आणून त्याच्या हातात दिला. शेठनं तो पांढऱ्या प्लेटच्या गाडीपुढं दगडावर आपटला. एका फटक्यात दोन भकलं झाली. शेठनं वास घेऊन बघितला, मग सुरीनं तुकडे केले आणि सगळ्यांच्या हातावर ठेवले. खोबरं गोड होतं. मीही खाल्लं.

अर्ध्या तासानं फोन वाजला. गणपतीतला तो साहेब बोलत होता, मुंबईहून नव्हे, गावाहून. "मामा काल गेले," म्हणाला. "आई विचारतेय, गाडीत एक पिशवी राहिली काय? नारळ होता त्यात. आमच्याकडं तसले पुष्कळ आहेत, पण ती म्हणते, तोच हवा. त्या घराच्या दारापर्यंत गेलेला तो एकच आहे. तेरावं झालं की कुणाबरोबर तरी त्यांच्या देव्हाऱ्यात पाठवणार आहे. बघता का जरा?"

माझ्या दाढेत खोबरं अडकलेलं होतं, ते मी जिभेनं काढत होतो.

"नाही साहेब," मी म्हणालो, "गाडीत काही नव्हतं."